एका लिटरचा जमाखर्च

घरखर्चाची वही लिहिण्याची चाल ज्या घरांत अद्याप टिकून आहे, तेथील वडीलधाऱ्या मंडळींस आमची एक विनंती आहे. त्यांनी ती वही आठ-दहा वर्षे मागे उलटावी आणि पेट्रोलच्या रकमेवरून एकदा बोट फिरवावे. धान्य, दूध, गोडे तेल, मुलांची फी ह्यांचे दर चढत गेले ह्यात नवल नाही. पण ते का चढले ह्याचा काही ना काही अंदाज गृहिणीस असतो. पाऊस कमी झाला, पीक बुडाले, माल आला नाही, असे एखादे कारण वाण्याच्या तोंडून का होईना कानी येते. पेट्रोलाचे तसे नाही. पंपावरच्या मुलास कारण विचारावे तर तो आकडे फिरणाऱ्या यंत्राकडे बोट करतो व नळी पुढच्या गाडीस लावतो. जगात तेल महाग झाले की येथे दर चढतो, हे सर्वांस समजते. जगात तेल स्वस्त झाले म्हणजे येथील दर का उतरत नाही, हे मात्र भल्याभल्यांस उमगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी आम्ही वाचकांस वाणगावास नेणार आहोत.

पश्चिम रेल्वेवर बोईसर सोडले की वाणगाव लागते व पुढे डहाणू रोड. मुंबईची लोकल एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून हा प्रदेश शहराच्या अंगणात आल्यासारखा झाला आहे. पश्चिमेस चिंचणीचा समुद्रकिनारा, पूर्वेस वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख, आणि मध्ये मिरचीची शेते व चिकूच्या वाड्या. २०२५ सालच्या पावसाळ्यानंतर एका स्नेह्याच्या घरी कार्यानिमित्त जाण्याचा योग आला. स्टेशनाबाहेर रिक्षात बसलो आणि नेहमीच्या सवयीने भाड्याबद्दल कुरकुर केली. रिक्षावाला मध्यम वयाचा, बोलका गृहस्थ होता. तो म्हणाला, "काका, भाडं मी ठरवत नाही. पेट्रोल ठरवतं. आणि पेट्रोलाचा दर मी उंबरगावास असतो तर वेगळा असता."

ह्या एका वाक्यात पुष्कळ मर्म आहे. वाणगावपासून गुजरातची हद्द पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर. डहाणू, घोलवड, बोर्डी अशी गावे मागे टाकीत गेले की उंबरगाव येते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली, त्यापूर्वी उंबरगाव हे ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तेच ताडमाड, तीच चिकूची झाडे, तोच खारा वारा, दोन्हीकडे सोयरीक असलेली तीच माणसे. फरक एवढाच की, २०२५ साली अलीकडच्या पंपावर पेट्रोलाचा दर लिटरला १०३-१०४ रुपयांच्या घरात होता आणि पलीकडे ९४-९५ च्या. म्हणजे जमिनीवर न दिसणारी एक रेघ ओलांडली की लिटरमागे नऊ रुपये खिशात राहतात.

तलासरी-अच्छाडकडील माणसास ही रेघ हाकेच्या अंतरावर आहे. त्याने मोटारीच्या टाकीत पस्तीस लिटर भरले तर तीनशे रुपयांवर वाचतात, आणि जाण्यायेण्यास लिटर-दीड लिटरच जळते. त्यामुळे तिकडील लोक पलीकडे जाऊन पेट्रोल भरतात, व अलीकडच्या पंपवाल्यांनी गिऱ्हाईक घटल्याची तक्रार करावी हेही ओघानेच आले. वाणगावच्या माणसाची गोष्ट निराळी. आमच्या रिक्षावाल्याने हा हिशेब केव्हाच करून ठेवलेला होता. त्याच्या टाकीत मावते आठ लिटर. उंबरगावास भरले तर बचत बहात्तर रुपये. जाऊन-येऊन पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे अडीचशे रुपये. शिवाय अर्ध्या दिवसाचा धंदा बुडाला तो वेगळाच. "पलीकडलं स्वस्त पेट्रोल आम्हाला फक्त ऐकायला मिळतं," असे तो हसत म्हणाला. ज्या घरी उतरावयाचे होते तेथे तो हिशेब आम्ही कागदावर पुन्हा मांडून पाहिला. त्याचे गणित पैपैसा बरोबर निघाले.

त्या घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात. थोरल्या मुलाकडे वाडी, धाकटा वापीच्या बाजूस कारखान्यात नोकरीस. धाकट्याची मोटारसायकल आठवड्यातून दोनदा तिकडेच भरली जाते, म्हणून घरात त्या पेट्रोलास 'माहेरचे पेट्रोल' असे गमतीचे नाव पडले आहे. सून शाळेत शिकविते. तिची स्कूटर वाणगावच्याच पेट्रोलावर चालते. तेव्हा धाकट्या दिराने वहिनींसाठी एक कॅन भरून आणावा, असा विचार एकदा घरात निघाला होता. परंतु घरच्या आजींनी तो साफ मोडून काढला. ज्या घरात देवापुढे समई तेवते व चुलीशी पोरे खेळतात, त्या घरात असले ज्वालाग्राही द्रव्य साठविणे म्हणजे नऊ रुपयांसाठी घर पणास लावणे होय, हे त्यांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी पटले. ज्या वाचकांच्या मनात असा विचार कधी येत असेल त्यांनी तो तत्काळ टाकून द्यावा.

आता ही नऊ रुपयांची तफावत येते कोठून? तेल तेच, जहाज बहुधा तेच, शुद्धीकरणाचा खर्च सारखाच. फरक करांचा आहे. पेट्रोलाच्या एका लिटरवर दोन हात पडतात. पहिला केंद्र सरकारचा. त्याचे उत्पादनशुल्क लिटरमागे ठराविक रुपयांचे असते; मे २०२२ मध्ये ते १९ रुपये ९० पैसे झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यात दोन रुपयांची भर पडली. दुसरा हात राज्याचा. त्याचा मूल्यवर्धित कर शेकड्याच्या हिशेबाने असतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तो शेकडा २५, आणि त्यावर लिटरमागे आणखी ५ रुपये १२ पैसे. गुजरातेत तोच कर शेकडा १३.७ व वर शेकडा ४ चा उपकर. ढोबळ मानाने पाहता २०२५ साली वाणगावच्या माणसाने शंभरावर जे साडेतीन-चार रुपये व शंभर रुपये दिले, त्यांतले पंचेचाळीसहून अधिक दोन सरकारांच्या तिजोरीत गेले, आणि त्यांत राज्याचा वाटा केंद्राहून किंचित मोठाच होता.

येथे एक बारकावा आहे, व तो गृहिणींच्या चटकन ध्यानात येईल. राज्याचा शेकडा हा केंद्राचे शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर बसतो. म्हणजे केंद्राने कर वाढविला की त्या करावरही राज्यास कर मिळतो. शेजारणीने उसन्या नेलेल्या साखरेवर आपण दुकानदारास पुन्हा दलाली द्यावी, असा हा प्रकार आहे. शिवाय तेल महाग झाले म्हणजे काही न करता राज्याचे उत्पन्न वाढते. मग दर उतरविण्याची निकड त्यास कोठून वाटावी? २०१५ साली महाराष्ट्रात अवर्षण पडले, तेव्हा दुष्काळनिवारणासाठी लिटरमागे दोन रुपये अधिक घेतले गेले. पुढे पाऊस आला, धरणे भरली. परंतु लिटरमागे ठराविक रक्कम घेण्याची रीत मात्र मुक्कामास राहिली. पाहुणा म्हणून आलेला कर घरचा जावई होऊन बसतो, हा अनुभव काही आजचा नाही.

तो किती जुना आहे हे पाहावयाचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे एक मराठी नाव भेटते. हिंदुस्थानात पेट्रोलवर कर बसला तो १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. युद्ध संपले, कर राहिला. पुढे मोटारी वाढल्या व रस्त्यांची दैना उडाली, तेव्हा १९२७ साली सरकारने रस्तेसुधारणेचा विचार करण्यास एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आमच्या वाचकांस ते परिचित आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांचेच नाव आहे. जयकर समितीने १९२८ साली आपला अहवाल दिला. रस्ता वापरतो तो मोटारवाला. तेव्हा रस्त्याचा खर्च त्याने पेट्रोलावाटे द्यावा, मात्र त्या पैशास दुसरीकडे पाय फुटू नयेत, असा तिच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. तदनुसार १९२९ साली पेट्रोलवरील कर गॅलनास चार आण्यांचा सहा आणे झाला, आणि वाढलेल्या दोन आण्यांचा स्वतंत्र रस्तेनिधी उभारण्यात आला. त्यातील बहुतेक रक्कम प्रांतांस मिळावयाची, आणि तीही ज्या प्रांतात जितके पेट्रोल खपेल त्या मानाने.

आम्हांस ही योजना फार सरळ वाटते. दोन आणे घेतले, ते कशासाठी घेतले हे सांगितले, आणि ते कोठे जावयाचे हेही बांधून दिले. कर देणाऱ्या माणसाची कुरकुर होतच असते. पण खड्डा बुजलेला दिसला की ती कुरकुर निम्म्याने कमी होते. मोटार हाकणाऱ्यास करापेक्षा कराचे गूढ अधिक टोचते.

जयकरांचा ह्या विषयाशी संबंध येथेच संपला नाही. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने, म्हणजे नागपूरच्या सरकारने, पेट्रोलाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाचचा कर बसविला. दिल्लीच्या सरकारने हरकत घेतली की, हा नावाचाच विक्रीकर. वास्तविक हे उत्पादनशुल्कच असून त्यावर अधिकार आमचा. गव्हर्नर-जनरलांनी ह्या वादावर नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टाचे मत मागविले. पीठावर तिघे न्यायाधीश होते : सर मॉरिस ग्वायर, सर शाह मुहंमद सुलेमान आणि जयकर. ज्यांच्या समितीने पेट्रोलावर रस्त्यासाठी कर सुचविला होता, तेच दहा वर्षांनी पेट्रोलावर दुसरा हात पडावा की नाही हे ठरविण्यास बसले! तिघांनीही कौल प्रांताच्या बाजूने दिला. वस्तू तयार झाल्यावरचा कर दिल्लीने घ्यावा, ती विकली गेली म्हणजे विक्रीवरचा प्रांताने घ्यावा, अशी वाटणी पक्की झाली. आज वाणगावच्या पंपावर एका लिटरवर दोन हात पडतात त्याची कायदेशीर मुळे येथे, वऱ्हाडच्या मातीत आहेत. प्रांतांस स्वतःच्या पायावर उभे राहण्यास काही उत्पन्न हवे, हा विचार चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो शेकडा पाचचा कर होता, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

पुढील हकीकत आम्ही झपाट्याने सांगतो. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलाचे रेशनिंग झाले, आणि मागच्या बाजूस कोळशाच्या गॅसची भट्टी बांधलेल्या मोटारी रस्त्यांवर धुरकटत फिरू लागल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले, तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले, आणि त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. पेट्रोलाचा दर ठरविणे सरकारने जून २०१० मध्ये सोडले, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. आणि जून २०१७ पासून दर रोजच्या रोज बदलू लागले. बाजारभावाप्रमाणे दर चढेल तसा उतरेलही, असे त्या वेळी लोकांस वाटले होते.

तसे घडले नाही, आणि वाहनचालकांच्या मनात जी अढी बसली ती तेव्हापासून. २०१४ च्या आरंभी केंद्राचे उत्पादनशुल्क पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे व डिझेलवर ३ रुपये ५६ पैसे होते. त्या वर्षीच्या अखेरीस जगात तेल कोसळू लागले, तसतसे शुल्क एकामागून एक हप्त्यांनी चढविण्यात आले. नंतर २०२० साली महामारीत सारे जग घरात बसले. एप्रिलात कच्च्या तेलाचे पिंप वीस डॉलरांच्याही खाली गेले. मार्च व मे मिळून त्या वर्षी शुल्कात पेट्रोलवर तेरा व डिझेलवर सोळा रुपयांची वाढ झाली, आणि पेट्रोलवरील शुल्क ३२ रुपये ९८ पैशांस पोहोचले. स्वस्ताईचे सारे लोणी वरच्यावर काढून घेतले गेले व लोकांच्या वाट्यास ताक आले. पुढे तेल चढले तेव्हा मात्र ते चढणे लोकांच्याच अंगावर आले. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलाने शंभरी ओलांडली. परभणीने ती मुंबईच्याही आधी ओलांडली होती. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईतील दर १२० रुपयांच्या वर गेला.

मधल्या काळात नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क पेट्रोलवर पाच व डिझेलवर दहा रुपयांनी उतरविले. गुजरातने त्याच वेळी आपला कर सात रुपयांनी कमी केला. महाराष्ट्राने केला नाही. वाणगाव व उंबरगाव ह्यांमधील रेघ ठळक झाली ती तेव्हा. मे २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा आठ रुपये सोडले, आणि जुलैत, मुंबईत सत्तांतर झाल्यावर, महाराष्ट्राने पाच. त्याआधी मुंबईचे सरकार दिल्लीकडे बोट दाखवीत होते व दिल्लीचे मुंबईकडे. सासू-सुनांच्या वादात पोरे उपाशी राहावीत तशी वाहनचालकांची गत झाली होती.

दोन्ही बाजूंस बोलावयास जागा आहे, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. राज्य म्हणते, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि आमच्या हातातील बहुतेक कर त्यात विरून गेले. पेट्रोल, डिझेल व मद्य एवढेच काय ते राहिले. तेव्हा शाळा, दवाखाने, पगार ह्यांचा खर्च कोठून काढावा? ही तक्रार खोटी नाही. केंद्राच्या शुल्कातील फार थोडा भाग राज्यांशी वाटून घ्यावा लागतो, ही तर अधिकच खरी गोष्ट. २०२२ मधील १९ रुपये ९० पैशांत मूळ उत्पादनशुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. वाटणी होते ती तेवढ्याचीच. बाकीचे सारे विशेष शुल्क व निरनिराळे उपकर. त्यांत राज्यास हक्काचा हिस्सा नाही. जयकरांच्या वेळी जेथे पेट्रोल खपले तेथे पैसा परत जावा अशी योजना होती, तिच्याशी हे ताडून पाहावे. पाच रुपयांचा रस्त्यांचा उपकर आजही आहे. परंतु २०१८ साली त्याचे नाव 'रस्ते व पायाभूत सुविधा' असे झाले आणि त्यात इतर पुष्कळ कामे सामावली गेली. आपल्या लिटरचा पैसा नेमका कोणत्या खड्ड्यापाशी उतरला, हे वाणगावच्या माणसास विचारावयाचे झाले तर कोणास विचारावे?

ज्यांच्या दारी मोटार नाही त्यांनी हा विषय परका समजू नये. मिरचीची पोती वाडीतून स्टेशनापाशी किंवा मुंबईच्या बाजारात जातात ती टेंपोतून. टेंपोचे भाडे चढले की व्यापारी तेवढे शेतकऱ्याच्या भावातून कापतो, आणि आपल्याकडील भाजीवाली तेवढेच आपल्याकडून घेते. जानेवारी २०२५ मध्ये एस. टी.चे भाडे शेकडा १४.९५ ने वाढले. चिंचणी-डहाणूच्या कोळी बांधवांस होड्यांच्या डिझेलवरील राज्याचा कर परत मिळण्याची सोय आहे. पण आधी पुरते पैसे मोजावयाचे व मग परताव्याची वाट पाहत बसावयाचे, आणि तो परतावा रखडतो ही त्यांची जुनी तक्रार. त्यांतच २०२५ साली पेट्रोलात शेकडा वीस मद्यार्क मिसळण्याचे ठरलेले प्रमाण गाठले गेले. परदेशी तेलाचा खर्च वाचतो व उसास गिऱ्हाईक मिळते हे उत्तमच. परंतु जुन्या गाड्या त्यावर काहीशा कमी धावतात हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही नमूद आहे, आणि दर तर कमी झाला नाही. आमच्या रिक्षावाल्याचा सर्वांत मोठा रोष ह्याच गोष्टीवर होता. "दुधात पाणी घातलं तर गवळ्याला बोलता येतं," एवढेच तो बोलला.

आमच्या मते एक गोष्ट करण्यासारखी आहे. पंपाच्या पावतीवर लिटरची एकच किंमत छापली जाते. तेथे तेलाचे इतके, केंद्राचे इतके, राज्याचे इतके, असे तीन आकडे छापावेत. किराणामालाच्या पावतीवर कर वेगळा दाखविलेला असतो, तर येथे त्यास काय आडकाठी आहे? त्याने दर एक पैसाही उतरणार नाही. परंतु वाणगाव-चिंचणी रस्त्यावर रिक्षा आदळत नेणाऱ्या माणसास निदान आपण कोणास किती दिले हे कळेल, आणि रस्त्याविषयी बोलावयास गेला तर त्याच्या हाती एक कागद असेल.

कार्य आटोपून आम्ही संध्याकाळच्या लोकलने परतलो. स्टेशनावर सोडावयास तोच रिक्षावाला आला होता. आजींनी त्याच्याबरोबर वाडीतील चिकूंची एक पिशवी आमच्यासाठी दिली होती; ती त्याने हवाली केली. भाडे सकाळचेच घेतले. परतीच्या फेरीस सवारी मिळावी म्हणून तो फाट्याशी थांबला, आणि थांबताक्षणी त्याने इंजिन बंद केले.